जनावरांच्या सांध्याच्या औषधावर ‘पेटंट’ लिहिलंय? त्याचा अर्थ काय?

पिंपळे गुरव : बैल पाय ओढायला लागला, म्हाताऱ्या कुत्र्याला उठता येईना, की दुकानदार सांध्यांची पावडर नाहीतर गोळ्या पुढे करतो. एखाद्या डबीवर ‘पेटंट’ छापलेलं असतं. त्यावर भरवसा ठेवण्याआधी एवढं माहीत असू द्या.

साखरेच्या कुळातली औषधं
ग्लुकोसामाईन, कॉन्ड्रॉइटिन आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिड ही तिन्ही कार्बोहायड्रेट, म्हणजे साखरेच्या कुळातली. पहिलं कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून, दुसरं जनावरांच्या कुर्चेपासून काढतात. तिसरं सांध्यातल्या वंगणातच असतं. ते कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध स्वरूपात काढल्याबद्दल एंड्रे बालाझ यांना १९७९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. घोड्यांच्या सांध्यात त्याचं इंजेक्शन देतात.

पेटंट कशाला मिळतं?
पेटंट म्हणजे नव्या शोधावर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा हक्क. आपल्याकडे औषधाच्या पदार्थावर पेटंट २००५ पासून मिळू लागलं. नवा रेणू किंवा तो तयार करण्याची नवी रीत असेल तर मिळू शकतं.

कशाला मिळत नाही?
पेटंट कायदा १९७०, कलम ३ प्रमाणे :
• निसर्गात आहे तसा पदार्थ
• जुन्या औषधाचा नुसता नवा उपयोग
• नुसती मिसळ, जिच्यात घटकांच्या गुणांची बेरीजच होते
• जनावरावर उपचार करण्याची पद्धत
• परंपरेने चालत आलेलं ज्ञान

म्हणजे आजोबांपासून चालत आलेल्या पाल्याच्या लेपावर तुम्हाला पेटंट मिळणार नाही, पण कंपनीलाही मिळणार नाही. हळदीचं उदाहरण घ्या. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला १९९५ मध्ये मिळालं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. सीएसआयआरने जुने लेखी पुरावे दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

काय करावं?
खरंच काही नवं शोधलं असेल, तर अर्ज करण्याआधी गावभर सांगू नका, व्हिडिओ टाकू नका. आधीच जाहीर झालेली गोष्ट नवी धरत नाहीत. आपल्या भागासाठी पेटंट कार्यालय मुंबईत आहे, अर्ज ऑनलाइनही होतो. ‘हमखास पेटंट मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणि शेवटचं : पेटंट म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे. औषध विकायला परवाना वेगळा लागतो. ग्लुकोसामाईनचा गुण किती, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. त्यामुळे डबीवरचे घटक वाचा आणि लंगडणारं जनावर आधी पशुवैद्यकाला दाखवा. कधी दुखणं सांध्यात नसतं, खुरात असतं.