उंदराचा श्वास



दोन वर्षांपूर्वी यांची बायपास झाली, तेव्हा आयसीयूच्या काचेतून मी एकच गोष्ट बघत होते. तोंडात नळी आणि मशीनच्या तालावर वरखाली होणारी छाती. बाहेर उभी राहून णमोकार जपत होते.

परवा यांची भाची भाईंदरला राहायला आली. औषधशास्त्र शिकते. पीठ चाळता चाळता विषय निघाला, तर म्हणाली, "मामी, आम्ही उंदरांनाही तशीच नळी लावतो." माझी चाळणी हातातच राहिली.

तिनं समजावलं. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुसं मिटतात, मग उंदीर काय नि माणूस काय, आपला आपण श्वास घेऊ शकत नाही. म्हणून पांढऱ्या उंदराला भूल देतात, सलाइनच्या सुईवरची बारीक नळी श्वासनलिकेत सरकवतात आणि छोटा पंप मिनिटाला 70-80 वेळा हवा देतो. एका वेळी जेमतेम अर्धा चमचा. मग हृदयाची एक रक्तवाहिनी दोऱ्यानं बांधतात. म्हणजे हार्ट ॲटॅक मुद्दाम आणतात, औषध तपासायला.

पंचेंद्रिय जीव तो! रात्री झोप लागेना, म्हणून वाचत बसले.

हे फार जुनं निघालं. 1664 मध्ये लंडनच्या रॉबर्ट हुकनं कुत्र्याची छाती उघडून भात्यानं हवा भरली आणि तासाहून अधिक वेळ त्याचं हृदय चालू ठेवलं. तेव्हा भूल नव्हतीच. ईथर आलं 1846 मध्ये. त्या जीवाचे हाल बघून हुकनं रॉबर्ट बॉइलला पत्रात कळवलं, की हे पुन्हा करायला माझं मन धजणार नाही. आणि 1667 मध्ये पुन्हा केलं! त्यातून कळलं, की जीव छातीच्या हलण्यानं नाही, ताज्या हवेनं टिकतो. यांचं मशीन त्याच ज्ञानावर चालत होतं. हुकला नावं ठेवणार होते, पण क्षमावाणीला दरवर्षी त्याच त्याच चुकांची क्षमा मीही मागतेच की.

आपल्या मुंबईतही हेच. परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, मग 16 फेब्रुवारी 1968 ला भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. जगातलं पहिलं होऊन अडीच महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच गेला.

कायदा 1960 चा. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल, होय, त्याच नृत्यांगना; राज्यसभेत प्राण्यांसाठी विधेयक त्यांनी मांडलं होतं. पण या कायद्यानं प्रयोग बंद केले नाहीत. वेदना होऊ नयेत म्हणून भूल द्यायची, आणि पुढे फार हाल होणार असतील तर शुद्धीवर येण्याआधीच संपवायचं. "संपवायचं" हा शब्द मी तीनदा वाचला. भाची म्हणते, कॉलेजात समिती असते, तिची परवानगी लागते, किती उंदीर घेणार तेही लिहून द्यावं लागतं. मी कॉमर्सवाली, हिशेब मला आवडतो. हा नाही आवडला.

"शेवटी त्या उंदराचं काय होतं गं?" मी विचारलं.

"हृदय काढून तपासतो, मामी."

घरात उंदीर शिरला तर मी पिंजऱ्यात धरून खाडीकडे सोडून येते. हे चेष्टा करतात. त्या संध्याकाळी काही बोलले नाहीत. सूर्यास्ताच्या आत यांच्या हृदयाच्या 3 गोळ्या द्यायच्या होत्या. दिल्या.