स्वप्नातला खाऊ आणि डब्यातली चरबी



सुट्टीत नणंदेची मुलं आली होती. सूर्यास्ताआधी जेवणं उरकली आणि लेकाने टीव्हीवर जुनी अमेरिकन कार्टून्स लावली, सगळी खाण्यापिण्याची. डिस्नेच्या १९३५ च्या 'द कुकी कार्निव्हल'मधली बिस्किटांची मिरवणूक बघून पोरं खिदळली. पुढच्या दोन कार्टून्सनी मात्र आम्हा मोठ्यांना गप्प केलं.

पहिलं फ्लायशर स्टुडिओचं १९३६ चं 'समव्हेअर इन ड्रीमलँड'. तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. १९३३ मध्ये चार कामगारांमागे एक बेकार होता. कार्टूनमधली दोन गरीब भावंडं सरपण गोळा करून घरी येतात. ताटात कडक पाव. मुलगा म्हणतो, अजून भूक आहे. आई रडू लागते, तसा तो लगेच म्हणतो की मी गंमत केली. रात्री स्वप्नात आइस्क्रीम आणि मिठाईचा देश दिसतो. सकाळी उठतात तर खरोखरच टेबल भरलेलं, शेजारच्या दुकानदारांनी आणून ठेवलेलं. टेक्निकलरचे पूर्ण रंग कार्टूनसाठी वापरण्याचा हक्क १९३५ पर्यंत एकट्या डिस्नेकडे होता. तो संपल्यावर फ्लायशरना ते रंग मिळाले, आणि त्यांनी ते भुकेल्या पोरांच्या स्वप्नासाठी वापरले.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात मीही असंच खोटं बोलायचे. रेशनच्या लाल मिलोची भाकरी धाकट्या दिराला द्यायची आणि माझं पोट भरलंय म्हणायचं." इतक्या वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

दुसरं डिस्नेचं १९४२ चं, युद्धाच्या काळातलं. मिनी माऊस तळणीतली उरलेली चरबी प्लुटो कुत्र्याला घालणार, तेवढ्यात रेडिओ सांगतो की ती फेकू नका, साठवा. चरबीतून ग्लिसरीन निघतं आणि ग्लिसरीनपासून स्फोटकं होतात. मग ती चरबी गाळून डब्यात भरायची, घट्ट गोठवायची आणि खाटकाच्या दुकानात नेऊन द्यायची. खरोखरच्या गृहिणीही तेव्हा असे डबे भरून नेत होत्या.

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदन असे हिंसेचे तीन मार्ग सांगतात. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, केलेल्याला मान डोलावणं. त्या बायकांना दोष द्यायला मी कोण? कुणाचा नवरा तर कुणाचा मुलगा लढाईवर होता. पण आधी एका जिवाची चरबी, मग तिचाच बॉम्ब, आणि मधे काटकसरीने डबा भरणारी एक बाई, हे चित्र मला झोपू देईना.

उरलंसुरलं वाया घालवू नये, हे आपण मुलींना शिकवतोच. ते पुढे कुठे जातं, हे विचारायलाही शिकवूया.

आणि घरातल्या मोठ्यांना त्यांच्या दुष्काळाबद्दल एकदा विचारा. आपण विचारल्याशिवाय त्या सांगत नाहीत.