सभेतली खुर्ची आणि शेतातला राब

दिघीहून सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटरवर, मुळा आणि पवना जिथे एकत्र येतात तिथे दापोडी आहे. दापोडी म्हटले की आज एसटीचे वर्कशॉप आठवते, हॅरिस पूल आठवतो, पुलावरची कोंडी आठवते. मुंबई इलाख्याच्या वनखात्याचे मूळ मात्र याच गावातल्या एका बागेत आहे, हे पिंपरी-चिंचवडमध्ये जन्म गेलेल्या माणसांनाही सहसा ठाऊक नसते. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा इंग्रज अधिकारी फोर्ड याचा इथे बंगला होता. १८१७ च्या खडकीच्या लढाईत त्याची पलटण दापोडीहूनच निघून इंग्रजांना जाऊन मिळाली. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कमने १८२८ मध्ये तो बंगला सरकारसाठी घेतला आणि त्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले.

१८३८ मध्ये या बागेचा ताबा अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आला. देवी टोचण्याच्या कामावर दख्खन आणि खानदेशात हिंडलेला हा माणूस. त्याने दापोडीत झाडे लावली, जुन्नरजवळ हिवरे इथे औषधी वनस्पतींची दुसरी बाग सांभाळली, आणि एका चित्रकाराकडून दापोडीतल्या वनस्पतींची सुमारे पावणेदोनशे चित्रे काढून घेतली. ती चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार भारतीय-पोर्तुगीज होता एवढेच कळते. त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. १८४७ मध्ये गिब्सनला मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक नेमले. मलबारात १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला असा हुद्दा मिळाला होता, पण तो १८२३ मध्ये मोडीत निघाला. त्यामुळे टिकून राहिलेल्या वनखात्यांचा हिशोब मांडायचा तर सुरुवात मुंबईपासून, म्हणजे दापोडीपासून करावी लागते. मद्रासला क्लेगहॉर्नची नेमणूक झाली १८५६ साली, आणि अखिल हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक म्हणून ब्रँडिस आला १८६४ मध्ये.

गिब्सनच्या काळी वनाधिकाऱ्यांची परिषद वगैरे काही नव्हते, कारण परिषद भरवायला अधिकारीच नव्हते. तो हिंडायचा, कलेक्टरांशी पत्रव्यवहार करायचा आणि वर्षाचा अहवाल सरकारला धाडायचा. गोदीला साग हवा होता, पाठोपाठ रेल्वे आली. लाकडाचा हिशोब हे त्याचे पहिले काम होते. पण कोकणात डोंगर उघडे झाले की झरे आटतात, हेही तो सरकारला लिहीत राहिला. १८५० मध्ये एडिंबरोला ब्रिटिश असोसिएशन या विद्वत्सभेचे वार्षिक अधिवेशन भरले आणि उष्ण कटिबंधातल्या जंगलतोडीचे परिणाम तपासायला तिने एक समिती नेमली. समितीचा अहवाल पुढच्या वर्षी आला. त्यात गिब्सनच्या मजकुराचा आधार घेतलेला आहे. दापोडीतल्या माणसाचे म्हणणे सभेत पोचले ते असे, सातासमुद्रापलीकडच्या एका सभेत, तेही कागदावरून.

वनाधिकाऱ्यांची स्वतःची म्हणावी अशी सभा भरली ती जानेवारी १८७४ मध्ये, अलाहाबादला. दुसरी मोठी सभा सिमल्याला, ऑक्टोबर १८७५ मध्ये. या दोन परिषदांचे छापील वृत्तान्त आज वाचताना प्रथम जाणवतो तो त्यातला मोकळेपणा. ही माणसे वर्षातले कित्येक महिने तंबूत एकटी काढणारी; आपल्यासारखेच काम करणारा दुसरा माणूस भेटला की बोलणे संपू नये, तसे झाले असणार. निबंध वाचायचा, त्यावर चर्चा, मग ठराव, असा क्रम. सीमा कशा आखाव्यात, वणव्यापासून बचाव कसा करावा, रोपे कशी लावावीत, हाताखालच्या माणसांना शिकवावे कुठे. या बैठकांच्या वातावरणातूनच १८७५ मध्ये श्लिखच्या संपादनाखाली ‘इंडियन फॉरेस्टर’ हे त्रैमासिक निघाले. ते डेहराडूनहून अजूनही निघते. मराठी नियतकालिकांच्या आयुष्यमानाची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना याचा हेवाच वाटावा.

पण अलाहाबादच्या सभेत खरा वजनदार विषय निघाला तो झाडांचा नव्हता, कायद्याचा होता. १८६५ चा वनकायदा तोकडा आहे, तो बदलला पाहिजे, असा निबंध बेडन-पॉवेलने वाचला. (स्काउट चळवळीचा बेडन-पॉवेल तो वेगळा, हा पंजाबातला मुलकी अधिकारी, जमीनधाऱ्यावरचा जाणकार.) त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गावकरी रानातून लाकूड आणतात, गुरे चारतात, टहाळ तोडतात, ते सरकारने आजवर हरकत घेतली नाही म्हणून. लेखी सनद असेल, सरकारने तो स्पष्ट मान्य केला असेल, तरच तो हक्क. बाकी सगळी सवलत. आणि सवलत काढून घेता येते. ब्रँडिसचे मत इतके टोकाचे नव्हते. युरोपातली गावरानाची परंपरा त्याला माहीत होती. सरकारने मोजकी राने राखीव करावीत, उरलेली गावांकडे ठेवावीत, असे तो सुचवत होता. १८७८ चा कायदा झाला तेव्हा त्यात ग्रामवनांचे एक प्रकरण आले खरे, पण ते बहुतेक ठिकाणी पुस्तकातच राहिले. राखीव वनांचे प्रकरण मात्र जोरात अमलात आले.

मद्रास सरकारने हा कायदा तसाच घ्यायला नकार दिला आणि १८८२ मध्ये स्वतःचा केला. मुंबईने तो घेतला. मसुदा चर्चेत होता तेव्हाच पुणे सार्वजनिक सभेने त्यावर हरकती पाठवल्या होत्या. हक्क आणि सवलत ही विभागणीच सभेला मान्य नव्हती. गावकऱ्यांना विश्वासात घेऊन, रान राखल्याबद्दल त्यांना मोबदला देऊन हेच काम कमी खर्चात होईल, असा तिचा युक्तिवाद होता. सार्वजनिक सभा म्हणजे पुण्यातली शिकलेली, वतनदार, वकील मंडळी. जोतीराव फुले यांचे त्यांच्याशी फारसे जमत नसे. पण १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी वनखात्यावर जे कोरडे ओढले आहेत, त्यांचा रोख तोच आहे: डोंगर, टेकड्या, पडीक जमिनी, गायराने सगळी खात्याच्या घशात गेली आणि शेतकऱ्याच्या शेळीला उभे राहायला जागा उरली नाही. एका प्रश्नावर फुले आणि सार्वजनिक सभा एका बाजूला उभे दिसतात, असे प्रसंग त्या काळात फार नाहीत.

अलाहाबाद-सिमल्याच्या सभांमधल्या दोन विषयांचे पुढे काय झाले हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. एक विषय आगीचा, दुसरा राबाचा.

आगीबद्दल सगळ्यांचे एकमत होते. मध्य प्रांतात बोरीच्या जंगलात कर्नल पिअरसनने १८६० च्या दशकात वणवा रोखून दाखवला, आणि वणवा थांबवणे हीच शास्त्रीय वनव्यवस्थेची खूण ठरली. जाळरेषा काढायच्या, राखणदार ठेवायचे, आग लावणाऱ्याला दंड. वीस-तीस वर्षे हे चालले. मग ब्रह्मदेशातल्या अधिकाऱ्यांना दिसू लागले की ज्या सागवनात आग कटाक्षाने रोखली तिथे सागाची नवी रोपे येतच नाहीत. बांबू आणि इतर झाडोरा त्यांना दाबून टाकतो. स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने १८९६ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये उघड लिहिले की ब्रह्मदेशात आगीपासून बचाव जरा जास्तच चालला आहे. वाद पेटला, उत्तरे-प्रत्युत्तरे झाली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बऱ्याच सागवनांत तो नियम सैल करण्यात आला. आपल्या व्यवसायाचे पहिले ब्रीद या मंडळींनी स्वतःच तपासले आणि वाकवले. अशा सभांची, अशा नियतकालिकांची किंमत कशात असते ते इथे कळते.

आता राब. मावळात आणि कोकणात ज्यांचे आजोळ आहे त्यांना सांगायला नको, पण शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो. भाताचे रोप ज्या वाफ्यात काढायचे त्या जमिनीवर शेण, ऐन-किंजळीचा टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचतात, वर थोडी माती टाकतात आणि पावसाळ्याआधी पेटवून देतात. राख झालेल्या त्या भुईत भात पेरायचे, रोप वीतभर झाले की उपटून खाचरात लावायचे. यासाठी दरवर्षी टहाळ लागतो, आणि टहाळ येतो रानातून. वनखात्याच्या दृष्टीने हे झाडांचे हातपाय तोडणे होते, आणि नेमके ते झाडांच्या वाढीच्या मुळावर येत होते. खात्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. वर्षानुवर्षे खरडलेला ऐन कसा दिसतो ते ज्याने पाहिले आहे त्याला ते पटेल. पण टहाळ बंद म्हणजे रोप बंद आणि रोप बंद म्हणजे भात बंद, हे शेतकऱ्याचे उत्तर होते.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतला असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. गावकऱ्यांचे गाऱ्हाणे सरकारी कागदावर सविस्तर उतरले ते या आयोगामुळे. वनाधिकाऱ्यांच्या परिषदेत त्याला जागा कधीच नव्हती. राबाची प्रत्यक्ष परीक्षाही वनखात्याने केली नाही. ती केली शेतकी खात्याने. मुंबईचा शेतकी संचालक ओझान याने लोणावळ्याला राब भाजलेले आणि न भाजलेले वाफे शेजारी ठेवून प्रयोग केले. पुढे डॉ. व्होएलकर या रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानच्या शेतीवरच्या १८९३ च्या अहवालात त्यांची चर्चा केली. भाजलेल्या भुईतले रोप जोमदार येते, हा शेतकऱ्याचा अनुभव खोटा ठरला नाही.

आगीबद्दल मत बदलले, कारण आग लागलेले आणि न लागलेले रान सभेत बसलेल्या माणसांच्या रोजच्या पाहण्यात होते. राबाबद्दल मत बदलायला जो माणूस समोर हवा होता, त्याला सभेत खुर्ची नव्हती. माझ्या मते वनखात्याच्या इतिहासातला दोष शास्त्राचा कमी आणि बैठकव्यवस्थेचा जास्त आहे. यावर कुणी म्हणेल की शास्त्रज्ञांच्या परिषदेत शेतकरी कशाला? एरवी मीही तसेच म्हटले असते. पण ही नुसती शास्त्रज्ञांची परिषद नव्हती. इथे वाचलेल्या निबंधाचा चार वर्षांत कायदा झाला होता.

पुढच्या शतकात परिषदा नियमित झाल्या. डेहराडूनला १९०६ मध्ये संशोधन संस्था निघाली आणि तिथे दर काही वर्षांनी वनसंवर्धन परिषदा भरू लागल्या. १९२९, १९३४, १९३९ या सालांचे वृत्तान्त जाडजूड आहेत. सागाचे बी कुठल्या प्रांतातले घ्यावे, विरळणी कोणत्या वर्षी करावी, वाढीचे तक्ते कसे मांडावेत, असे त्यांचे विषय. काम चोख आहे, त्यातले बरेचसे आजही उपयोगी पडते. पण १९२९ ची परिषद आटोपून वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच महाराष्ट्रात काय झाले? १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव रानातले गवत कापून सत्याग्रह केला. संगमनेर, अकोले, बिळाशी अशी गावे पेटत गेली. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला गोळीबार झाला आणि माणसे मेली. चिरनेर कुलाबा जिल्ह्यातले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्याच्या गाऱ्हाण्यांसाठी आयोग नेमला होता, तोच जिल्हा. मिठाला समुद्र लागतो. जिथे समुद्र नव्हता तिथे लोकांनी कायदेभंगासाठी रानच का निवडले, याचे उत्तर त्यांच्या कोंडवाड्याच्या पावत्यांमध्ये होते.

स्वातंत्र्यानंतर डेहराडूनला १९५४ मध्ये जागतिक वन परिषद भरली. त्याआधी १९५२ मध्ये देशाचे वनधोरण ठरले, त्यात एकतृतीयांश भूमी वनाखाली असावी हे उद्दिष्ट आले. खुर्च्यांवरची माणसे आता आपली होती. भाषा मात्र इंग्रजीच राहिली, आणि ‘सवलत’ हा शब्दही राहिला. वनरक्षक, वनपाल, वनमजूर, ज्यांच्या पायांखाली रान असते, त्यांचे ज्ञान परिषदांच्या वृत्तान्तांत शोधून सापडत नाही. ते मराठीत सापडते मारुती चितमपल्ली यांच्या पुस्तकांत. खात्यात हयात घालवलेल्या या वनाधिकाऱ्याने आदिवासींकडून आणि जंगलातल्या माणसांकडून शब्द वेचले, पक्ष्यांची नावे वेचली. आणि २००६ मध्ये सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाने त्यांना अध्यक्ष केले. वनखात्याच्या माणसाला आपले ऐकणारी सभा मिळाली ती साहित्यिकांची, हे मला फार बोलके वाटते.

त्याच वर्षी, २००६ च्या डिसेंबरात, संसदेने वनहक्क कायदा केला. पारंपरिक वापर हा हक्क आहे आणि तो मान्य करायचा आहे, असे त्याच्या नावातच आहे. अलाहाबादच्या निबंधाला आलेले हे उत्तर, एकशे बत्तीस वर्षांनी. देशातल्या काही राज्यांत निवृत्त वनाधिकारी या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांची बाजू नुसती हटवादाची म्हणून झटकून टाकू नये. रान तुटताना पाहिलेल्या माणसांची ती भीती आहे, आणि दिघी-भोसरीपासून चाकणपर्यंतच्या टेकड्यांना कारखान्यांनी आणि वस्त्यांनी कसे वेढले ते रोज पाहणाऱ्यांना ती परकी वाटणार नाही. पण या टेकड्यांना वेढा घातला तो टहाळ तोडणाऱ्यांनी नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा लागे, आणि खाते तो देईना. वाद दिल्लीपर्यंत गेला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, ग्रामसभा भरली, आणि त्या सभेत वाहतूक परवान्यांचे कोरे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. तेव्हापासून परवान्यावर सही ग्रामसभेची असते.