मागाठाण्याचे शेत

बोरिवलीहून मागाठाण्याकडे जाताना इथे कधी शेती होती, हे कुणाच्या मनातही येत नाही. पण कान्हेरीच्या एका शिलालेखात 'मंगलठाण' गावातल्या शेताचे दान कोरलेले आहे. अभ्यासकांच्या मते हेच आपले मागाठाणे. शेताला हात लावायचा नाही, उत्पन्नातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय करायची. अशा कायमच्या ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' लिहिले. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांनी भडोचला जाई. तेरहून प्रामुख्याने कापड. बाहेरून इटलीची द्राक्षमदिरा येई. पण सत्ता बदलली आणि कल्याण बंदराची कोंडी झाली. तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली.

समुद्राचा हा बेभरवसा ग्रीकांना जुनाच. इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास त्यांचा शेतकरी कवी हेसिअड सांगून गेला होता, की सगळे धन जहाजात भरू नका, मोठा हिस्सा घरी ठेवा. कान्हेरीच्या दात्यांत कल्याणचे व्यापारी बरेच. दान कायम टिकावे म्हणून शेत नेमून देण्यामागे तेच शहाणपण दिसते.

व्यापाऱ्याचा माल पुस्तकात नोंदला गेला, दात्याचे पुण्य दगडावर. पावसात नांगर धरणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नाही. भिक्षूंचे वस्त्र त्याच्या घामातून आले होते. मागाठाण्यावरून जाताना मी त्याला मनोमन सलाम करतो.