एक्स-रेमध्ये न दिसलेली धाप

अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचिया डोंगररांगेतल्या कोळसा खाणींबद्दल वाचायला घेतलं की आधी स्फोट आणि गोळीबार समोर येतात. मला मात्र तिथल्या धुळीचा इतिहास जास्त बोलका वाटतो.

१९४० च्या दशकाच्या शेवटी ‘कंटिन्युअस मायनर’ हे यंत्र आलं. दातेरी फिरत्या पिंपाने ते सुरुंगाशिवाय कोळसा ओरबाडत जातं. वेस्ट व्हर्जिनियात १९५० मध्ये लाखाहून जास्त खाणकामगार होते. दहा वर्षांत ते पन्नास हजारांच्या आत आले. जे उरले, त्यांना आणखी बारीक धूळ मिळाली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) कामगार संघटनेचा आरोग्य निधी दर टनामागे ४० सेंट या हिशोबाने भरत होता. म्हणजे दवाखाने चालायचे टनांवर, टन निघायचे यंत्रांनी आणि यंत्रं उडवायची धूळ. संघटनेचे पुढारी धुळीबद्दल गप्प का, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

चार पावलं चढलं तरी माणसाला धाप लागायची, पण एक्स-रे जवळजवळ साफ. मग भरपाई नाही. बेकली गावातल्या डॉ. डोनाल्ड रासमुसेन यांनी कामगारांना श्रम करायला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजला. तो घसरत होता! आजार खरा होता, मोजमाप चुकीच्या जागी चाललं होतं.

नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या स्फोटात ७८ जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत सुमारे ४०,००० कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांना न जुमानता संपावर गेले. मागणी पगाराची नव्हती. ‘ब्लॅक लंग’ला कायद्याने आजार म्हणा, एवढीच होती. तीन आठवड्यांत राज्याचा कायदा झाला आणि वर्षअखेरीस केंद्राचा. धुळीला पहिल्यांदाच देशभर मर्यादा आली: घनमीटरला ३ मिलिग्रॅम, नंतर २.

आजार कमी झाला, आणि परत आला. जाड थर संपत आले, तसं पातळ थरांसोबत वरखालचा खडकही कापला जाऊ लागला. त्यातली सिलिका कोळशाच्या धुळीपेक्षा कितीतरी घातक. २०१३ ते २०१७ या काळात नैर्ऋत्य व्हर्जिनियातल्या फक्त तीन दवाखान्यांतून या आजाराच्या सर्वांत गंभीर रूपाचे ४१६ रुग्ण नोंदले गेले. खाणींतल्या सिलिकाची मर्यादा निम्म्यावर आणणारा नियम २०२४ मध्ये निघाला. कोळसा खाणींना तो लागू व्हायच्या आधीच, एप्रिल २०२५ मध्ये, न्यायालयात अडकला.