पेट्रोलियम प्रदूषण निवारण (मृदा व भूजल)

जमिनीत मुरलेले खनिज तेल वा इंधन शोधून ते काढून टाकण्याची किंवा निरुपद्रवी करण्याची प्रक्रिया. पेट्रोल पंपांच्या गंजलेल्या भूमिगत टाक्या, नळजोडांतील गळती, उलटलेले टँकर व उघड्यावरचा तेलगाळ हे प्रदूषणाचे मुख्य स्रोत होत. इंधन पाण्याहून हलके असल्याने भूजलपातळीवर त्याचा थर तरंगतो; बेंझीन, टोल्युईन हे घटक मात्र विरघळून प्रवाहाबरोबर दूरवर जातात. बेंझीन कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिग्रॅ. आहे, म्हणून अल्प गळतीही गंभीर ठरते.

तपासणीत साठा-विक्रीचा हिशेब, मातीतील बाष्प व छिद्रे पाडून काढलेले नमुने पाहतात. भूजलप्रवाहाची दिशा किमान तीन निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांवरून ठरते. बालाघाट (मध्य प्रदेश) व लगतच्या गोंदिया भागातील कठीण खडकांत पाणी भेगांतून वाहते [→ भूजल, वैनगंगा]. तेथे प्रदूषणाची वाट सरळ नसते, त्यामुळे भेगांची दिशा अभ्यासूनच विहिरींच्या जागा निवडाव्या लागतात. गाळाच्या मैदानातील ठोकताळे येथे फसतात.

निवारणात प्रथम गळती थांबवून तरंगते तेल उपसतात. नंतर मातीतील बाष्प निर्वात पंपाने ओढणे, भूजलात हवा सोडणे किंवा तेलभक्षक जीवाणू वापरणे हे उपाय योजतात [→ जैवोपचार]. टेरी संस्थेने विकसित केलेले ‘ऑइलझॅपर’ हे असे जीवाणू-मिश्रण भारतात तेलगाळावर वापरले गेले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत नव्या पेट्रोल पंपांचे शाळा, रुग्णालये व वस्तीपासूनचे अंतर सर्वसाधारणपणे ५० मी. ठरवले आहे.