जेवूनखाऊन पगार

मुंबईच्या हॉटेलांचा इतिहास लिहिणारे बहुधा चवीचा इतिहास लिहितात. इराण्याच्या संगमरवरी टेबलांचे, ब्रून-मस्क्याचे किंवा उडुप्याच्या इडलीसांबाराचे वर्णन करू लागले म्हणजे त्यांची लेखणी अशी रसाळ होते की, ज्या मोरीत त्या सगळ्या कपबशा दिवसभर विसळल्या जात, तिच्याकडे वळून पाहण्यास त्यांना सवड उरत नाही. वास्तविक ह्या धंद्याचे खरे दप्तर त्या मोरीतच भिजत पडले आहे.

1956 पर्यंत मद्रासच्या अंमलाखाली असलेल्या दक्षिण कानडा जिल्ह्यातून, कोणी मंगळूरच्या धक्क्यावरून आगबोटीने तर कोणी घाट चढून रेल्वेने, जी मुले मुंबईस येत, त्यांच्यापैकी कित्येकांचे वय दहा-बारा वर्षांपलीकडे नसे. आरंभी सोवळ्याओवळ्याच्या समजुतीमुळे स्वयंपाकघरात ब्राह्मण आचाऱ्यांचे प्राबल्य होते. पुढे बंट, बिल्लव, मोगवीर अशा समाजांतील मुलेही ह्या धंद्यात शिरली. घरी कुळाने कसलेली तुटपुंजी जमीन, खाणारी तोंडे अनेक आणि मुंबईत कोणी मामा वा गाववाला आधीच स्थिरावलेला, एवढी सामग्री प्रस्थानास पुरे होई.

हॉटेलातील बढतीचा क्रम दरबारी मानमरातबासारखा काटेकोर होता. प्रथम मोरी, मग टेबलावर फडका मारणे, मग तारेच्या जाळीत चहाचे पेले घेऊन कचेऱ्यांचे जिने चढणारा ‘बाहेरवाला’, आणि पुष्कळ वर्षांनी, नशीब असेल तर, टेबलावर ‘ऑर्डर’ घेण्याचा अधिकार. गिऱ्हाइकाने काय खाल्ले हे स्मरणात ठेवून ते उठताच ‘काळी टोपी, सहा आणे!’ अशी आरोळी गल्ल्याकडे ठोकणाऱ्या वेटरचे कौतुक आम्ही सर्वांनी केले आहे. परंतु आकड्यात चूक झाली तर तो फरक कोणाच्या खिशातून जाई, ह्याची चौकशी करावी असे आम्हांपैकी कोणास सुचले नाही. फुटलेल्या बशीचे पैसेही पगारातूनच वळते होत. मोरीवरच्या पोराचे हात सोड्याच्या पाण्याने पांढरे पडत, बोटांच्या बेचक्यांत आणि पायांना चिखल्या होत. रात्री शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर फरशी धुऊन, दोन टेबले एकमेकांस जोडून, त्यांवर तो अंग टाकी. आणि पहाटे दूधवाल्याने फळी ठोठावली की त्याच टेबलावरून उठून, डोळे चोळीत, ते पुसावयास लागे.

नोकरी ठरताना एकच वाक्प्रचार चाले : ‘जेवूनखाऊन इतके रुपये.’ माझ्या मते ह्या व्यवसायातील हालअपेष्टांचे मूळ ह्या दोन निरुपद्रवी शब्दांत आहे. गिरणीकामगार संप करी तेव्हा त्याची मजुरी बुडे, पण चाळीतील खोली व खाणावळवालीची उधारी काही काळ तरी टिके. हॉटेलातील पोऱ्याने काम सोडले तर त्याच दिवशी त्याचे जेवण, छप्पर आणि शहरातील एकुलती एक ओळख ही तिन्ही सुटत. शिवाय मालक बहुधा गावचाच, ‘अण्णा’ म्हणून हाक मारण्याचा, आणि पगारही पुष्कळदा त्याच्याचकडे साठत असलेला. तेव्हा फिर्याद कोणाविरुद्ध करावयाची आणि ती कोणत्या तोंडाने? सगळेच मालक निष्ठुर होते असे मात्र नव्हे. कित्येकांनी स्वतः हीच पायरी झिजविली होती. माटुंग्यास 1942 साली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढणारे ए. रामा नायक हेही लहानपणी मुंबईस येऊन स्वयंपाकघरात पडेल ते काम करीत वर चढले होते. मोगवीर, बिल्लव आदी समाजांच्या संस्थांनी चालविलेल्या कानडी रात्रशाळांत दिवसभराच्या श्रमाने पेंगणारी मुले अक्षरे गिरवीत, आणि जो मालक त्या दोन तासांची मोकळीक देई, त्याचे उपकार ती जन्मभर आठवीत. दोन तासांची मोकळीक हे उपकार ठरावेत, यातच काय ते आले.

सरकारची नजर इकडे वळली ती 1939 साली. त्या वर्षीचा मुंबई इलाख्याचा दुकाने व आस्थापना कायदा हा देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याची जागा घेणाऱ्या 1948 च्या कायद्याने उपाहारगृहांतील नोकराचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले, आठवड्याची सुट्टी दिली; परंतु ते नऊ तास मधल्या विश्रांतीसह चौदा तासांपर्यंत पसरविण्याची मुभाही ठेवली. टेबलावर झोपणाऱ्या माणसाची विश्रांती कोठे संपते आणि काम कोठे सुरू होते, हे मुआयन्यास आलेल्या निरीक्षकाला हजेरीपटावरून कसे कळावे? चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत, ढाब्यांवर व चहाच्या दुकानांत कामास ठेवण्याची देशव्यापी बंदी अंमलात यावयास 10 ऑक्टोबर 2006 उजाडला.

1948 चा कायदा एकच नोकर असलेल्या दुकानासही लागू होता. महाराष्ट्राने 2017 साली त्याच्या जागी नवा कायदा आणला, तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता. आणि मोरी, फडका, चूल व बाहेरवाला मिळून ज्या हॉटेलात सातआठच माणसे राबतात, ते त्याच्या कक्षेबाहेर राहिले.